बारा बाटल्या, अकरा गोड

आमच्या घरात एखादी गोष्ट दुसऱ्या गोष्टीसोबत मिळत असली, की ती आधी संशयित ठरते. साबणासोबत मिळणारी वाटी असो, नाहीतर बी.ए.सोबत करता येणारं भूविज्ञानाचं प्रमाणपत्र. बाबा अकोल्याच्या कोर्टात दिवाणी वकील. मी अमरावतीहून फोनवर त्यांना या प्रमाणपत्राबद्दल सांगितलं, तेव्हा त्यांनी अभिनंदन वगैरे केलं नाही.

"डिग्रीवाले हे सोबत का देतात?"

मी म्हटलं, कोणत्याही शाखेच्या मुलांना घेता येतं. शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी वर्ग, शेवटी एक प्रकल्प.

"त्यात नापास झालीस तर डिग्रीवर परिणाम?"

"नाही."

"लेखी आहे?"

लेखी होतं. मी ते फोन करायच्या आधीच तीनदा वाचून काढलं होतं. मी त्यांचीच मुलगी.

प्रमाणपत्र का घ्यायचं होतं, ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही. माझं लहानपण त्यांच्या ऑफिसातल्या बाकावर गृहपाठ करण्यात गेलं. बार्शीटाकळीकडचे दोन भाऊ शेतातल्या एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वर्षानुवर्षं भांडत होते. त्यातला एक आमचा पक्षकार. तो बोलायला लागला की वाटायचं, बिचाऱ्यावर केवढा अन्याय झालाय. मग दुसऱ्या भावाचा लेखी जबाब यायचा, बाबा तो मोठ्याने वाचायचे, आणि वाटायचं की अन्याय तर यानेच सोसलाय. धुरा तिथेच होता, त्याला कोणी काही विचारत नव्हतं. इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करायचं आणि पुढे वकिली, हे माझं ठरलेलं होतं. त्याआधी मला एकदा तरी असं काही शिकायचं होतं जे बाजू बदलत नाही.

आमचा वर्ग कॉलेजच्या मागच्या बाजूला, एका जुन्या सामानाच्या खोलीत भरायचा. भूविज्ञानाला सर एकच. त्यांचा आमच्या हुशारीवर विश्वास होता, प्रामाणिकपणावर नव्हता. दगडांचे नमुने लाकडी खणांत क्रमांक लावून ठेवलेले असत, आणि सर ते वर्ग सुरू होताना एकदा, संपताना एकदा मोजून घेत. एकदा गुलाबी स्फटिकांचा एक नमुना मोजणीत कमी पडला. तीन आठवडे आम्ही सगळे एकमेकांच्या बॅगांकडे तिरक्या नजरेने बघत होतो. मग तो कपाटामागे सापडला. सर म्हणाले, "सापडला हे खरं. तिथे कोणी ठेवला, ते अजून कळलेलं नाही." मला हा माणूस फार आवडला.

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं होतं: दिसतं ते लिहा, वाटतं ते लिहू नका. मग एका पांढऱ्या दगडावर त्यांनी आम्ल टाकलं. फसफसून बुडबुडे आले. बुडबुडे आले म्हणजे कॅल्साइट, नाही आले म्हणजे नाही. यावर अपील नाही, हे बघून मला खरोखर आनंद झाला.

माझ्या शेजारी बसायची ती माझी खोलीवरचीच मैत्रीण. राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर आम्ही दोघी राहायचो. खाली दिवसभर त्रिकोणमिती चालायची आणि संध्याकाळी मुलांच्या गाड्यांनी जिना अडून जायचा. आमच्या घरमालकीणबाई मुलींना गावावरून हाक मारायच्या. मी अकोलेवाली, ती मोर्शीवाली. तिच्या घरी संत्र्याची बाग. ती बी.एस्सी. करत होती, रसायनशास्त्र घेऊन, पण तिचं सगळं लक्ष जमिनीखाली. त्यांच्याकडे दरवर्षी बोअर आणखी खोल न्यावं लागे, आणि खाली नक्की कोणता दगड आहे हे गावात कोणालाच सांगता येत नव्हतं. तिला पुढे एम.एस्सी. भूविज्ञानातच करायची होती. रसायनशास्त्रातून तिकडे जायचं तर हे प्रमाणपत्र तिला हातात लागणार होतं. माझं तसं काही अडलेलं नव्हतं. हा फरक मला तेव्हा माहीत होता, आणि माहीत असूनही मी जे केलं ते केलं.

दगड हातात आला की ती तो नखाने खरवडायची, वास घ्यायची, आणि सरांची पाठ वळली की जिभेला लावायची. चिकणमातीचा असेल तर जिभेला चिकटतो म्हणायची. मी तिला म्हटलं, कोणाकोणाचे घामट हात लागलेत त्याला. ती म्हणाली, "तुले तं भगवंताच्या परसादावरही शक येईन."

प्रकल्पासाठी आम्ही खारपाणपट्टा घेतला. अकोला आणि अमरावतीच्या मधल्या या पूर्णेच्या खोऱ्यात विहिरीला पाणी लागतं, पण ते खारट असतं. लोक म्हणतात, इथे पूर्वी समुद्र होता. सर म्हणाले, "समुद्राचं नंतर बघू, आधी पाणी आणा." दर्यापूरच्या बाजूची काही गावं, त्यातल्या बारा विहिरी, प्रत्येकीचं एक बाटली पाणी. पाण्यात क्षार किती ते मोजायचं छोटं मीटर विभागात होतं, पण ते सरांच्या कपाटात कुलपात होतं आणि कुलपातच राहणार होतं. मोजणी सोमवारी, त्यांच्यासमोर. शिवाय त्यांनी ताकीद दिली, की शेतात फवारण्या चालू आहेत, तेव्हा विहिरीचं पाणी कोणी चाखायचं नाही. हे बोलताना ते मोर्शीवालीकडे बघत होते.

शनिवारी सकाळच्या एस.टी.ने आम्ही दर्यापूरला उतरलो आणि तिथून ऑटो केला. कामं वाटून घेतली होती. ती दोरीला वजन बांधून विहिरीची खोली आणि पाण्याची पातळी मोजायची, जागा मोबाइलवर टिपायची. मी घरोघरी जाऊन माणसांशी बोलायचं, पाणी घ्यायचं, बाटलीवर पेन्सिलीने क्रमांक टाकायचा. वकिलाची मुलगी म्हणून बोलायचं काम माझ्याकडे.

पहिल्याच घरी एक काकू अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होत्या. आम्हाला बघून उठल्या. "आव माय, एवढ्या उन्हाच्या कायले फिरून राहिल्या व पोरी हो?" मी सांगितलं, कॉलेजातून आलोय, तुमच्या विहिरीचं बाटलीभर पाणी तपासायला पाहिजे. काकूंनी माझ्या हातातली बाटली घेतली, आत गेल्या आणि भरून आणून दिली. वर पदराने पुसून. आम्हाला चहासुद्धा पाजला. दुसऱ्या घरीही तसंच झालं, तिसऱ्याही. एवढ्या प्रेमाने कोणी आपलं काम करून देत असेल, तर आमच्या घरात ताबडतोब जो संशय येतो, तो मला त्या दिवशी नेमका आला नाही.

फक्त शेवटच्या ठिकाणी गडबड झाली. गावाबाहेर मळ्यात एक म्हातारे आजोबा बाजेवर बसले होते. त्यांनी आम्हाला लांबूनच थांबवलं. "कोनाच्या तर्फे आल्या? मोजनी हाये का? रस्ता काढून राहिले का इकून?" मी ओळखपत्र दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि फोटोतली मी नि समोरची मी ताडून बघितली. शेवटी म्हणाले, "न्या बाप्पा पानी. पन मी बाटलीले हात नाई लावत. तुमीच काढा, तुमीच भरा. उद्या म्हनसान बुढ्यानं काही टाकलं." मग आम्हीच दोर-बादली घेऊन पाणी ओढलं. मला ते आजोबा अगदी घरचे वाटले.

बारा बाटल्या झाल्या. मला दोन दिवस अकोल्याला घरी जायचं होतं, दर्यापूरहून गाडी सोयीची पडत होती. बाटल्यांची पिशवी तिने घेतली आणि ती अमरावतीला गेली. सोमवारी सकाळी मी थेट कॉलेजात पोचले, तेव्हा ती पिशवी घेऊन सरांच्या दारात उभी होती.

सरांनी कपाट उघडलं, मीटर काढलं आणि एकेका बाटलीत बुडवलं. पहिल्या बाटलीचं पाणी गोड. दुसरीचं गोड. तिसरीला सरांनी चष्मा काढून पुसला. अकरा बाटल्या गोड निघाल्या, आणि नुसत्या गोड नाहीत, सगळ्यांचा आकडा जवळपास एकच. बारावी तेवढी खारट. इतकी, की मीटरचा आकडा उडी मारून वर गेला.

सरांनी मीटर पुसून ठेवलं. मग त्यांनी अकरा बाटल्या एका रांगेत लावल्या.

"खारपाणपट्ट्यातल्या अकरा विहिरी, मैलोन्‌मैल लांब, आणि पाणी एक. विहिरी असं करत नाहीत. नळ करतो. हे एकाच नळाचं पाणी आहे. नळ कोणाच्या खोलीतला, ते तुम्ही मला सांगा. आठ दिवस देतो. नाहीतर दोघींचाही प्रकल्प रद्द, आणि प्रकल्प नाही तर प्रमाणपत्र नाही."

मोर्शीवालीचा चेहरा उतरला. मी तिच्याकडे बघितलं आणि माझ्या डोक्यात कोर्ट भरलं.

मी पाणी घेतलं होतं, हे मला माहीत होतं. क्रमांक मी टाकले होते. मग बदललं कुठे? बाटल्या नीट बघितल्या तर तीन बाटल्यांवरचे क्रमांक पेन्सिलीचे नव्हते, शाईचे होते, आणि अक्षर तिचं. पिशवीचा तळ ओला होऊन वाळल्यासारखा दिसत होता. सगळं जुळलं. एस.टी.त बाटल्या लवंडल्या असणार, पाणी सांडलं असणार, आणि हिने घाबरून खोलीवरच्या नळाने भरून टाकल्या असणार. एक शिल्लक राहिली ती तशीच ठेवली. तिला प्रमाणपत्राची किती गरज आहे हे मला माहीत होतं, आणि तीच गरज मला आता हेतू म्हणून दिसायला लागली.

त्या संध्याकाळी मी जिन्यात उभी राहून बाबांना फोन केला. खाली क्लासमध्ये मुलं काहीतरी एका सुरात म्हणत होती. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "शनिवार ते सोमवार बाटल्या कोणाच्या ताब्यात होत्या?"

मी सांगितलं.

"मग तोंडी काही बोलत बसू नको. अर्ज दे."

मी खोलीत आले. ती खाटेवर बसून वहीतले आकडे पुन्हा पुन्हा बघत होती. मला म्हणाली, "कसं झालं असन व हे?" मी म्हटलं, "बघू." आणि टेबलावर तिच्याकडे पाठ करून मी अर्ज लिहिला. सदर बाटल्या अमुक वारापासून अमुक वारापर्यंत माझ्या सहकारी विद्यार्थिनीच्या ताब्यात होत्या, त्या काळात मी अकोला येथे होते, तरी नमुन्यांतील फेरफाराशी माझा संबंध नाही. सुंदर अर्ज होता तो. त्यात एकही खोटं वाक्य नव्हतं. 'फेरफार' हा शब्द तेवढा मला दिसला नव्हता, वाटला होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला बोलावलं. मी व्हरांड्यात होते. सरांशी ती नेहमी प्रमाण भाषेत, जपून बोलायची. "हो सर, माझ्याच जवळ होत्या," ती म्हणाली. सरांनी क्रमांकांचं विचारलं. "पेन्सिल पुसली गेली होती सर. वहीत बघून पुन्हा लिहिले. एका बाटलीचं झाकण थोडं गळत होतं." सरांनी विचारलं, पाणी बदललं का? ती नाही म्हणाली. सर म्हणाले, मग तू पुढच्या निर्णयापर्यंत वर्गाला येऊ नको. ती बाहेर आली आणि माझ्यासमोरून गेली. अर्ज सरांच्या टेबलावर उघडा होता, माझं अक्षर तिला लांबूनही ओळखू येत होतं.

त्या आठवड्यात आम्ही एका खोलीत राहिलो. भांडलो असतो तर बरं झालं असतं. ती सकाळी माझ्यासाठी गिझर चालू ठेवायची, कारण तशी आमची पद्धत होती, आणि बोलायची नाही. गुरुवारी ती गावाला निघून गेली. मला हायसं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं.

सरांनी मला एकटीला नमुने पुन्हा आणायची परवानगी दिली होती. शनिवारी मी एकटीच दर्यापूरकडे गेले. पहिलं घर त्याच काकूंचं. त्यांनी मला ओळखलं, दुसरी कुठे आहे विचारलं, मी काहीतरी सांगितलं. बाटली दिली. त्या आत निघाल्या तशी मी, का कोण जाणे, त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. विहीर घराच्या मागे होती. काकू मागे गेल्याच नाहीत. कोपऱ्यात स्टीलची टाकी होती, झाकण काढून त्यांनी गडू बुडवला आणि फडक्यातून गाळून माझी बाटली भरायला लागल्या.

"काकू, हे विहिरीचं आहे?"

"इहिरीचं?" त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "इहिरीचं पानी कोनी पाव्हन्याले देते का बाई? थे भांडे घासाले. चहा केला तं दूध फाटते त्यानं. हे नळाचं हाये, योजनेचं. सगळ्या गावाईले हेच येते."

सगळ्या गावांना हेच येतं. एकाच नळाचं पाणी, सर बरोबर म्हणाले होते.

"पण मी मागच्या वेळी सांगितलं होतं ना, तपासायला न्यायचंय म्हणून?"

"मंग! तपासाले न्याचं म्हनून तं गाळून देल्लं. खराब पानी तपासाले कोन देते? तिकळे अमरावतीले म्हनलं असतं, या गावाचं पानीच असं. आधीच आमच्या इकळे पोरी द्याले लोकं मांगंपुढं पायतात."

अकरा घरांतल्या अकरा बायकांनी एकमेकींना न विचारता हेच केलं होतं. परीक्षेला मुलाला धुतलेले कपडे घालून पाठवतात, तसं त्यांनी पाणी पाठवलं होतं. ज्यांनी मला घरात घेतलं, चहा पाजला, त्या सगळ्यांनी मला चुकीचं पाणी दिलं. आणि ज्या एका माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला नाही, बाटलीला हात लावला नाही, त्याच्याच विहिरीचं पाणी खरं होतं. आणि मी? त्या अकरा विहिरींपाशी मी एकदाही उभी राहिले नव्हते. विहिरीपाशी दिवसभर उन्हात जी वाकून मोजमाप करत होती, तिच्यावर मी अर्ज दिला होता.

मी एकही बाटली भरली नाही. सोमवारी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी माझा अर्ज काढून समोर ठेवला. मग म्हणाले, "अर्ज मागे घेतेस, तर तेही लेखी दे." मी तिथेच लिहून दिलं. "तिला घेऊन ये. दोघींनी मिळून पुन्हा बारा."

दुसऱ्या दिवशी मी मोर्शीची गाडी धरली. तिच्या आईने दार उघडलं. "तूच का व थे अकोलेवाली? ये बाई, बस. थे तुह्याच गोष्टी सांगत रायते." त्यांनी पाण्याचा तांब्या आणला, सोललेली संत्री आणली. "परीक्षेपायी थांबला म्हने तुमचा थो बाटल्याईचा अभ्यास?" तिने घरी काहीच सांगितलं नव्हतं. माझं नाव घरात अजून चांगलंच होतं, तिनेच तसं राहू दिलं होतं.

ती बागेत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. काकूंची टाकी, फडकं, नळ. ती ऐकत होती. एका जागी तिला हसू आलं, खराब पाणी तपासायला कोण देतं त्या जागी, पण ते तिने आवरलं.

"अर्ज वापस घेतला?"

"घेतला."

"लेखी?"

"लेखी."

"मंग ठीक हाये." तिने हातातली फांदी सोडली. "मले एकदा इचाराचं होतं. आपल्या दोघीच्या खाटात दोन हाताचं अंतर नव्हतं. इचारलं असतं, बाई तू पानी बदललं का, तं मी म्हनलं असतं नाई. नसता ठेवला इस्वास तं मंग देला असता अर्ज."

मी माफी मागितली. खरी मागितली. ती म्हणाली, "येतो मी. मलेही प्रमाणपत्र पायजे. पन बाटली भरली का झाकनावर चिकटपट्टी, अन् पट्टीवर दोघीची सही. हरेक बाटलीवर."

"त्याची काही गरज नाही गं."

"तुले नसन. मले हाये."

तशाच आम्ही गेलो. पाणी तिने ओढायचं, बाटली मी धरायची, मग पट्टी, मग तिची सही, मग माझी. ती पेन माझ्याकडे द्यायची ते टोपण लावून, हात लागणार नाही असं. काकूंनी आम्हाला प्यायला नळाचं पाणी दिलं आणि आम्ही विहिरीत बादली सोडली तेव्हा त्या तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. "तेच नेता का मंग? गावाचं नाव तरी नका लिहू बाई." आम्ही नावं लिहिली नाहीत, क्रमांक लिहिले. बाजेवरच्या आजोबांनी विचारलं, "पुन्हा आल्या? मांगचं कमी पडलं का?" मी म्हटलं, आजोबा, मागच्या वेळी तुमचंच तेवढं बरोबर निघालं. त्यांनी डोळे बारीक केले. "माहंच काहून बरोबर निघालं?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा आम्ही दोघी एकदम हसलो. पण ते तेवढ्यापुरतंच. ती लगेच विहिरीकडे वळली.

बाराही बाटल्या खारट निघाल्या. सरांनी अहवालावर सही केली. दोघींनाही प्रमाणपत्र मिळालं. ती नागपूरला एम.एस्सी.ला गेली, भूविज्ञानालाच. खोली सोडताना तिने गिझरचं बटण कसं अडतं ते मला समजावून सांगितलं आणि बॅग उचलली. अजून दिवाळीला तिचा मेसेज येतो. मी विचारते, कशी आहेस. ती लिहिते, मजेत. त्यापुढे आमचं बोलणं जात नाही.

मी आता अकोल्यात एलएल.बी. करते आणि दुपारी बाबांच्या ऑफिसात बसते. शेवटच्या विहिरीचे आम्ही दोन नमुने घेतले होते, एक तपासायला, एक राखीव. राखीव बाटलीची पट्टी कधी फुटली नाही. ती मी कपाटावर ठेवली आहे. मागच्या महिन्यात फायली काढताना बाबांच्या ती हाताला लागली. त्यांनी चष्मा सरकवून पट्टीवरच्या दोन सह्या बघितल्या.

"याला म्हणतात काम," ते खूश होऊन म्हणाले. "आता दोघींपैकी कोणाला उलटता येणार नाही."

मी म्हटलं, "बाबा, ती उलटली नसती. ही पट्टी तिने माझ्यापायी लावली." आणि मग मी त्यांना, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, काकूंच्या टाकीपासून मोर्शीपर्यंत सगळं सांगितलं. नमुने पुन्हा घेतले आणि जमलं, एवढंच त्यांना आजवर माहीत होतं.

ते बाटली हातात धरून ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "अर्ज देण्याआधी तू तिला विचारलंच नव्हतंस?"

"तुम्हीच म्हणालात, तोंडी बोलू नको, अर्ज दे."

"मला वाटलं, विचारून झालंय. ती नाही म्हणाली, म्हणून मला फोन केलास." त्यांचा आवाज एकदम उतरला. "अगं, मी त्या बार्शीटाकळीवाल्यांचा दावासुद्धा नोटीस दिल्याशिवाय लावला नव्हता. सख्ख्या भावाला पंधरा दिवस दिले होते उत्तराला."

बाबांनी बाटली रुमालाने पुसली, सह्यांना धक्का न लावता, आणि होती तिथे परत ठेवली.